वेशीबाहेरचे पॅरिस आणि रोबेर द्वानो

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे फ्रान्समध्ये बहरलेल्या मानवतावादी छायाचित्रणाच्या, म्हणजे नामवंतांऐवजी रस्त्यावरच्या सामान्य माणसाचा रोजचा व्यवहार हाच विषय मानणाऱ्या परंपरेच्या, प्रमुख कर्त्यांमध्ये रोबेर द्वानो (१९१२–१९९४) यांची गणना होते. मात्र त्यांची कीर्ती एका चुंबनचित्राला इतकी चिकटून बसली आहे की पॅरिसच्या उपनगरांचे त्यांनी केलेले चित्रण, जे त्यांचे खरे जीवितकार्य होते, काहीसे झाकोळून गेले आहे.

द्वानो यांचा जन्म पॅरिसच्या दक्षिण वेशीला लागून असलेल्या जाँतिई या कामगारवस्तीत झाला. शहराभोवती एकोणिसाव्या शतकात तटबंदी उभारली गेली, तेव्हा तिच्याबाहेर बांधकामास बंदी असलेला एक पट्टा राखण्यात आला होता. त्यावर झोपड्या आणि भंगारवाल्यांचे अड्डे उभे राहिले, आणि द्वानो यांच्या डोळ्यांना पहिले वळण याच परिसराने लावले. एकोल एस्तियेन या मुद्रणकलेच्या शाळेत ते कोरीवकाम आणि शिळामुद्रण, म्हणजे दगडावर चित्र काढून त्यावरून छपाई करण्याची विद्या, शिकले. छायाचित्रांच्या जमान्यात हा धंदा मागे पडत चालला होता. तरी ती विद्या वाया गेली असे म्हणता येत नाही, कारण जर्मन अंमलाखाली प्रतिकार चळवळीसाठी बनावट ओळखपत्रे तयार करताना तीच त्यांच्या कामी आली. त्यापूर्वी १९३४ ते १९३९ या काळात ते रेनो मोटार कारखान्यात छायाचित्रकार होते, आणि वारंवार उशिरा येण्यावरून त्यांना तेथून काढून टाकण्यात आले.

त्यांच्या रोलायफ्लेक्स कॅमेऱ्याची रचनाही त्यांच्या भिडस्त स्वभावाला मानवणारी होती: दृश्य वरच्या काचेवर उमटत असल्याने छायाचित्रकार मान खाली घालून पाहतो, आणि समोरच्याला कोणी रोखून बघत असल्याचे जाणवत नाही. १९४८ साली सेन रस्त्यावरील एका जुन्या वस्तूंच्या दुकानात, काचेआड लपून, त्यांनी विवस्त्र स्त्रीच्या चित्रावर नजर टाकणारे वाटसरू टिपले. त्यांतील एका छायाचित्रात पत्नी समोरच्या दुसऱ्याच चित्राविषयी काही सांगत आहे, आणि पतीचे डोळे मात्र तिरके होऊन भलतीकडे गेले आहेत. पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, लेखक ब्लेझ साँद्रार यांच्या मजकुरासह ‘ला बाँलिए द पारी’ हे उपनगरांवरील पुस्तक निघाले. साँद्रार यांचा सूर कडवट आहे, तर द्वानो यांची छायाचित्रे त्याच दैन्यात खेळणारी मुले आणि लग्नाच्या वराती शोधतात.

छायाचित्रे मासिकांना पुरवणारी राफो ही संस्था आणि ‘व्होग’सारखी नियतकालिके यांच्या मागणीवर पोट अवलंबून असल्याने मांडून घेतलेली दृश्ये या व्यवसायात निषिद्ध नव्हती. ‘लाइफ’ या अमेरिकी नियतकालिकासाठी १९५० साली टिपलेले नगरभवनासमोरील चुंबन तसेच होते, परंतु १९८० नंतर पोस्टररूपाने ते घरोघर पोहोचले, आणि आपणच ते प्रेमिक असा एका दांपत्याने न्यायालयात दावा लावला, तेव्हा ती जोडी मोबदला देऊन उभी केली होती हे द्वानो यांना उघड करावे लागले. दावा फेटाळला गेला. यावरून त्यांना लबाड ठरवणे अन्यायाचे आहे, कारण त्या चित्राला पुराव्याचे मोल त्यांनी नव्हे, पोस्टर विकत घेणाऱ्यांनी दिले होते.

उपनगरांकडे ते १९८४ मध्ये पुन्हा वळले, या वेळी प्रादेशिक नियोजनाच्या सरकारी विभागाच्या कामगिरीवर आणि रंगीत फिल्म घेऊन. जुन्या वस्त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या उंच इमारतींच्या या छायाचित्रांत माणसे फारशी नाहीत, आणि उपनगराच्या इतिहासकाराला ती पहिल्या पुस्तकाइतकीच मोलाची वाटावीत.