अंशकालीन कार्यचालन प्रमुख

अंशकालीन कार्यचालन प्रमुख म्हणजे वाढत्या उद्योगाचे उत्पादन, खरेदी, साठा, मनुष्यबळ व वाहतूक हे दैनंदिन कामकाज सांभाळण्यासाठी आठवड्यातील ठरावीक दिवसांपुरता नेमलेला वरिष्ठ अधिकारी होय. सल्लागार अहवाल देतो आणि निर्णय मालकावर सोपवतो. कार्यचालन प्रमुखाला मात्र आदेश देण्याचा अधिकार असतो व परिणामांचा जाबही द्यावा लागतो.

पार्श्वभूमी

या पदाची गरज कशी निर्माण होते, हे पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या शेजारच्या तालुक्यांवरून समजते. शिरूरमध्ये पुणे–अहिल्यानगर मार्गावर रांजणगाव, तर दौंडमध्ये पुणे–सोलापूर मार्गावर कुरकुंभ येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती आहेत. रांजणगावात गृहोपयोगी उपकरणे व मोटारी तयार होतात. कुरकुंभ रसायने व औषधांसाठी ओळखले जाते. अशा मोठ्या कारखान्यांना सुटे भाग, खोकी व वाहने पुरवणाऱ्या लहान उद्योगांत मालक स्वतःच खरेदीदार, मुकादम आणि रोखपाल असतो. एका गिऱ्हाइकाचे तीन झाले की ही घडी विस्कटते. पूर्णवेळ अनुभवी अधिकाऱ्याचा पगार मात्र अद्याप परवडत नसतो. न्हावरे–चौफुला रस्त्याने दोन्ही तालुके जोडलेले असल्याने एका व्यक्तीने आठवडा दोन उद्योगांत वाटून घेणे येथे अशक्य नाही.

गटसचिव

पदनाम नवे असले, तरी कल्पना ग्रामीण महाराष्ट्राला परकी नाही. गावोगावच्या विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायट्यांचे दप्तर गटसचिव सांभाळतो आणि अनेकदा एकाच गटसचिवाकडे दोन-तीन सोसायट्या असतात. कर्जवाटप व वसुलीच्या दिवसांत सर्वच गावांना तो एकाच वेळी हवा असतो. अंशकालीन पदाची खरी अडचण हीच आहे. दोन उद्योगांचा हंगाम एकच असेल, तर कागदावरील दिवसवाटप टिकत नाही. ऊस गाळपाच्या काळात गुऱ्हाळ आणि ऊस वाहतुकीचा व्यवसाय ही दोन्ही कामे एकाच अधिकाऱ्याकडे देणे म्हणूनच शहाणपणाचे नव्हे.

कायदेशीर मर्यादा

शेतकरी उत्पादक कंपनीला हा मार्ग मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या पदासाठी मोकळा नाही. उत्पादक कंपनीची तरतूद २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात आली. त्यानुसार मुख्य कार्यकारी पूर्णवेळ असावा आणि तो सभासदांबाहेरचा असावा लागतो. दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांच्या केंद्रीय योजनेत (२०२०) व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत कमाल १८ लाख रुपयांचे साहाय्य आहे. ते संपल्यावर पगार कोठून द्यावा, हा लहान कंपन्यांपुढील प्रश्न आहे. अंशकालीन व्यक्तीला प्रतवारी, साठवण वा विक्रीचे काम देता येते, पण मुख्य कार्यकाऱ्याची जागा तिने भरून निघत नाही.

कारखान्यांच्या बाबतीत, कारखाने अधिनियम, १९४८ ने भोगवटादार व व्यवस्थापक अशी दोन पदे मानली. व्यवस्थापक नेमलेला नसेल त्या काळात प्रत्यक्ष तसे काम करणारी व्यक्ती, आणि तीही नसेल तर स्वतः भोगवटादारच व्यवस्थापक समजला जात असे. थोडक्यात, प्रमुख मंगळवारी व शुक्रवारीच येत असला, तरी बुधवारच्या अपघाताची जबाबदारी अधांतरी राहत नाही. ती बहुधा मालकावर येते. ज्वलनशील द्रव्ये हाताळणाऱ्या कारखान्यात याचा विचार नेमणुकीपूर्वीच करावा लागतो.

नेमणुकीचा करार

करारात उपस्थितीचे दिवस, खरेदीच्या मंजुरीची रकमेतील मर्यादा, धनादेशावरील सहीचा अधिकार, गोपनीयता आणि स्पर्धक उद्योगात काम न करण्याची अट यांचा उल्लेख असतो. मोबदला पगार आहे की व्यावसायिक शुल्क, हेही स्पष्ट लिहावे लागते, कारण उद्गम करकपात व भविष्यनिर्वाह निधी यांचे नियम त्यावर ठरतात. शुल्क घेणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपेक्षा अधिक झाल्यास त्याला वस्तू व सेवा कराची नोंदणी घ्यावी लागते.

सर्वांत दुर्लक्षित कलम गैरहजेरीचे. प्रमुख नसताना यंत्र थांबवण्याचा, माल परत पाठवण्याचा आणि रुग्णवाहिका बोलावण्याचा अधिकार कोणाला, हे जागेवरील पर्यवेक्षकाच्या नावासह लिहून ठेवावे लागते. मालकाने प्रमुखाचे आदेश त्याच्या पाठीमागे फिरवले, तर कामगार दोघांपैकी सोयीचा शब्द मानू लागतात. अशा वेळी करार कितीही नेटका असला, तरी नेमणूक नावापुरतीच उरते.