स्टीफन कॉन्स्टंटाईन यांचा कार्यकाळ (२०१५–२०१९) आणि भारतीय फुटबॉल चाहते

इंग्लिश प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाईन हे जानेवारी २०१५ ते जानेवारी २०१९ या काळात भारतीय पुरुष फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. यापूर्वी २००२ ते २००५ या काळातही त्यांनी हे पद सांभाळले होते. त्यांच्या दुसऱ्या कार्यकाळात भारताने फिफा क्रमवारीत मोठी झेप घेतली. मात्र या झेपेला संघाची खरी प्रगती मानावे की नाही, याबाबत चाहत्यांमध्ये मतभेद राहिले.

पार्श्वभूमी

मार्च २०१५ मध्ये भारत फिफा क्रमवारीत १७३व्या स्थानी होता. २०१८ च्या विश्वचषक पात्रता स्पर्धेत भारताला आठपैकी एकच सामना जिंकता आला व संघ गटात शेवटचा राहिला. जून २०१५ मध्ये ग्वामकडून झालेला १–२ असा पराभव चाहत्यांच्या विशेष जिव्हारी लागला. त्यानंतर जानेवारी २०१६ मध्ये संघाने सॅफ चषक जिंकला. पुढे सलग विजयांच्या बळावर जुलै २०१७ मध्ये तो ९६व्या स्थानी पोहोचला. १९९६ नंतरचे हे भारताचे सर्वोत्तम स्थान होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये मकाऊवरील विजयाने आशियाई चषकातील प्रवेशही निश्चित झाला.

मुंबईतील सामने

या वाटचालीतील अनेक सामने मुंबईच्या अंधेरी येथील शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात झाले. त्यामुळे पवई, जोगेश्वरी, अंधेरी या उपनगरांतील प्रेक्षकांना राष्ट्रीय संघ घराजवळ पाहता आला. ३ सप्टेंबर २०१६ रोजी येथे भारताने क्रमवारीत आपल्यापेक्षा वर असलेल्या पोर्तो रिकोचा ४–१ असा पराभव केला. मुंबईत ६१ वर्षांनी झालेला हा आंतरराष्ट्रीय सामना होता.

१ जून २०१८ रोजी इंटरकॉन्टिनेंटल चषकात भारताने चिनी तैपेईला ५–० असे हरवले, तेव्हा मात्र मैदानात केवळ २,५६९ प्रेक्षक होते. दुसऱ्या दिवशी कर्णधार सुनील छेत्री याने चित्रफितीद्वारे आवाहन केले. संघावर टीका करायची तर तीही मैदानात येऊन करा, असा त्याचा आशय होता. युरोपीय क्लबांच्या चाहत्यांनाही त्याने साद घातली. ४ जून रोजी केनियाविरुद्धच्या, छेत्रीच्या शंभराव्या सामन्याची सर्व तिकिटे विकली गेली. तो सामना भारताने ३–० असा जिंकला. १० जूनच्या अंतिम सामन्यात केनियालाच २–० असे नमवून भारताने चषक पटकावला.

चाहत्यांची मते

२०१७ मध्ये स्थापन झालेल्या ‘ब्लू पिलग्रिम्स’सारख्या गटांमुळे राष्ट्रीय संघाला संघटित पाठिंबा मिळू लागला. प्रशिक्षकांच्या समर्थकांनी संदेश झिंगनसारख्या तरुण खेळाडूंना मिळालेली संधी, खेळाडूंची सुधारलेली तंदुरुस्ती आणि जिंकण्याची लागलेली सवय यांकडे लक्ष वेधले.

टीकाकारांचा मुख्य आक्षेप प्रतिस्पर्ध्यांच्या दर्जावर होता. ऑगस्ट २०१८ पूर्वीची क्रमवारी सामन्यांतील गुणांच्या सरासरीवर आधारलेली असल्याने प्रतिस्पर्ध्यांची व सामन्यांची निवड स्थानावर परिणाम करू शकत असे. आशियाई चषकातील संघांची संख्या १६ वरून २४ केल्याने पात्रता सोपी झाली, असेही म्हटले गेले. लांब पासांवर भर देणारी शैली आणि संघनिवड यांवरही टीका झाली.

आशियाई चषक २०१९

६ जानेवारी २०१९ रोजी अबू धाबी येथे भारताने थायलंडला ४–१ असे हरवले. आशियाई चषकातील १९६४ नंतरचा हा भारताचा पहिला विजय होता. त्यानंतर संयुक्त अरब अमिरातीकडून ०–२ असा पराभव झाला. १४ जानेवारीला बहरीनविरुद्ध बरोबरी झाली असती तरी भारत बाद फेरीत गेला असता. परंतु भरपाई वेळेतील पेनल्टीमुळे सामना ०–१ असा गमवावा लागला. भारत गटात चौथा राहिला व कॉन्स्टंटाईन यांनी लगेच राजीनामा दिला. टीकाकारांना या सामन्यातील बचावात्मक खेळ हे आपल्या आक्षेपाचे प्रमाण वाटले, तर समर्थकांच्या मते संघ येथवर पोहोचणे हेच यश होते.

नंतरचे मूल्यमापन

मे २०१९ मध्ये नियुक्त झालेल्या इगोर स्टिमाच यांनी पासांवर आधारित खेळाचा आग्रह धरला. मात्र २०२४ च्या सुरुवातीस झालेल्या आशियाई चषकात भारताने तिन्ही सामने एकही गोल न करता गमावले. त्यानंतर अनेक चाहत्यांनी कॉन्स्टंटाईन यांच्या कार्यकाळाकडे नव्याने पाहिले. प्रगती निकालांवरून मोजावी की खेळाच्या शैलीवरून, हा वाद मात्र कायम आहे.