सहाणेच्या चाकाची कुळकथा

अकीक, यशब, स्फटिक अशा खड्यांना घासून आकार देणारे आणि त्यांवर चकाकी आणणारे जे लहान यंत्र आज घराच्या पडवीत किंवा गॅरेजात बसवले जाते, त्याचा संसार फारसा मोठा नसतो. एका आडव्या शाफ्टवर ओळीने बसवलेली दोन, चार किंवा सहा चाके, त्यांवर ठिबकणारे पाणी, खाली ते झेलणारे कुंड आणि बाजूला पट्ट्याने जोडलेली लहान मोटर, एवढ्या सामग्रीत ते पुरे होते. या यंत्रावर बहुधा कॅबोशॉन, म्हणजे पैलू न पाडता घुमटासारखी गोलाई दिलेला खडा घडवला जातो, आणि म्हणून त्याला बाजारात कॅबिंग मशीन असे नाव आहे. नाव नवे आहे आणि मोटरही नवी आहे. मात्र दोन्ही बाजूला ठेवल्यावर जे उरते, ते म्हणजे कठीण कणांची भुकटी, ती धरून ठेवणारा चिकट पदार्थ आणि तिला फिरवणारा आस, यांचे कूळ फार जुने असून त्याचा एक धागा मराठी देवघरातील सहाणेपर्यंत येऊन पोहोचतो.

संस्कृतात धार लावण्याच्या व घासण्याच्या दगडास शाण म्हणतात, आणि त्याच शब्दाचे मराठी रूप सहाण होय. मराठीत हा शब्द चंदन उगाळण्याच्या दगडापुरता उरला, हत्याराला धार लावण्याच्या दगडासाठी निसणा हा वेगळा शब्द रूढ झाला आणि शस्त्रांना जिल्हई देणाऱ्यांना शिकलगार हे फारसी वळणाचे नाव मिळाले; हिंदीत मात्र सान म्हणजे आजही धार लावण्याचे चाक, आणि गुजरातीत त्याच अर्थी सराण हा शब्द चालतो. शाणेवर घासला गेल्याने झिजलेला व तरीही शोभणारा मणी हा दृष्टान्त भर्तृहरीने वापरला आहे, आणि वज्राने म्हणजे हिऱ्याने वेध पाडलेल्या मण्यातून सहज जाणाऱ्या दोऱ्याची उपमा कालिदासाने रघुवंशाच्या आरंभी योजली आहे. कवींना ही उदाहरणे सुचली, यावरून मण्यांचे घासकाम व वेधकाम ऐकणाऱ्यांच्या नित्य परिचयाचे असावे, असे मानण्यास हरकत नाही. सूर्याचे तेज सहन होईना म्हणून विश्वकर्म्याने त्याला भ्रमियंत्रावर, म्हणजे फिरत्या चाकावर चढवून तासले आणि पडलेल्या तेजाच्या तुकड्यांतून विष्णूचे चक्र व शिवाचे त्रिशूळ घडवले, ही पुराणकथाही कारागिराच्या कार्यशाळेतूनच आकाशात गेलेली दिसते, कारण तासकामातून पडलेला चुरा वाया जाऊ द्यायचा नाही हा विचार देवाला सुचण्याआधी कारागिराला सुचतो.

घासणारा पदार्थ घासल्या जाणाऱ्या पदार्थापेक्षा कठीण असला पाहिजे, हा या सर्व उद्योगाचा एकमेव नियम आहे. फ्रीड्रिक मोस याने १८१२ मध्ये खनिजांच्या काठिण्याची जी दहा पायऱ्यांची श्रेणी मांडली, तिच्यात अकीक व स्फटिक सातव्या पायरीच्या आसपास, कुरुंद नवव्या आणि हिरा दहाव्या पायरीवर आहे. कुरुंद म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे नैसर्गिक स्फटिकरूप. त्यात रंगाची व पारदर्शकतेची कृपा झाली की तेच माणिक किंवा नीलम ठरते, आणि न झाली की कुटून त्याची भुकटी केली जाते. एकाच खनिजाच्या वाट्याला मुकुट आणि उखळ ही दोन्ही स्थाने यावीत, हे दक्षिण भारतातील कारागिरांना रसायनशास्त्राच्या फार आधी ठाऊक असावे, कारण तमिळमधील कुरुंदम् आणि माणकासाठी येणारा संस्कृत कुरुविन्द हे शब्द एकमेकांचे सोयरे आहेत. इंग्रजी कॉरंडम हा शब्दही याच तमिळ कुळातला असून, चार्ल्स ग्रेव्हिल याने १७९८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आशियातील या दगडावर निबंध मांडल्यानंतर तो युरोपीय शास्त्रात स्थिरावला.

कुरुंदाची भुकटी नुसती हाताशी असून भागत नाही, तिला धरून ठेवणारे काहीतरी लागते. आणि भारतीय कारागिराने यासाठी लाख निवडली, ही या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना म्हणावी लागेल. लाख तापवून मऊ करावयाची, तिच्यात कुरुंदाची चाळलेली भुकटी मळावयाची आणि त्या गोळ्याची तबकडी थापून लाकडी किंवा लोखंडी आसावर बसवावयाची, अशी ही पद्धत आहे. काम चालू असताना वरचे कण बोथट होतात, त्यांच्याभोवतीची लाख झिजते, बोथट कण गळून पडतात आणि खालचे धारदार कण उघडे होतात. आजच्या ग्राइंडिंग व्हीलचे तत्त्वही तंतोतंत हेच आहे, फरक इतकाच की लाखेची जागा भट्टीत भाजलेल्या मातीच्या किंवा रेझिनच्या बंधाने घेतली आहे. लाखेमध्ये एक गुण असाही होता, की चाक झिजून लहान झाले किंवा वेडेवाकडे झाले तर ते तापवून पुन्हा थापता येई. भट्टीतून निघालेल्या चाकाला ही सवलत नाही.

हे चाक फिरवण्यासाठी आसाभोवती दोरीचा वेढा देऊन कमान पुढेमागे ओढली जाई, त्यामुळे चाक काही फेरे एका बाजूला आणि तितकेच फेरे उलट बाजूला फिरे. खडा टेकवावयाचा हात एक आणि कमान ओढण्याचा हात दुसरा, किंवा कमानीसाठी वेगळा गडी, अशी ही बैठक असे. उलटसुलट फिरणाऱ्या आसावर आटे पाडून नट आवळला तर तो काही वेळातच सैल होणार हे उघड आहे, आणि तेथे लाखेची पकडच उपयोगाची ठरते.

खडे येत कोठून, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्या जमिनीतच आहे. दख्खनच्या पठाराचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला, त्या रसात अडकलेल्या वायूच्या पोकळ्यांमध्ये पुढे पाण्याबरोबर आलेली सिलिका थराथराने साचत गेली, आणि कातळ झिजून गेल्यावर न झिजणारे हे गोळे शेतात व नदीपात्रात सुटे पडले; मराठी माणूस गारगोट्या म्हणून जे गोळा करतो, त्यात यांचाही भरणा असतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासवृत्तात पैठण येथून अकीकवर्गातील दगड गाड्यांतून बिकट वाटांनी भडोच बंदराकडे जात असल्याचा उल्लेख आहे. पुढे या धंद्याचे केंद्र खंबात झाले, जेथे भडोचजवळच्या रतनपूर परिसरातील दगड आणून, ते उन्हात व मग शेणीच्या मंद आचेवर तापवून लाल केले जात, जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर टेकवून शिंगाच्या हातोडीने छिलले जात आणि शेवटी घासले जात. मण्यांना चकाकी आणण्याची तेथील जुनी रीत यंत्राच्या इतिहासात मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. हजारो मणी कातडी पिशवीत भरून, त्यात भुकटी व पाणी घालून, ती पिशवी खोलीच्या दोन टोकांना बसलेली माणसे दिवसेंदिवस एकमेकांकडे लोळवत असत. आज टंबलर या नावाने जे फिरते पिंप विकले जाते आणि जे आठवडाभर अखंड घरघरत राहून घरच्यांचा अंत पाहते, ते या पिशवीचेच वंशज आहे.

युरोपात हाच उद्योग पाण्याच्या बळावर वाढला. जर्मनीतील इडार आणि ओबरस्टाइन या गावांमध्ये ओढ्यांवर पाणचक्क्या बांधून त्यांच्या आसाला पुरुषभर उंचीची वालुकाश्माची चाके जोडली जात, आणि घासणारा कारागीर पोकळ कोरलेल्या लाकडी चौरंगावर पालथा पडून, पाय मागच्या खुंटीला रोवून, शरीराच्या सगळ्या भाराने अकीक त्या चाकावर दाबत असे. कमानीच्या दोरीने जे चाक उलटसुलट फिरत होते, ते येथे एकाच दिशेने अखंड फिरू लागले. परंतु दिवसभर ओल्या चाकाजवळ छाती टेकून पडणाऱ्यांच्या फुप्फुसांनी त्याची किंमत मोजली. स्थानिक दगड संपत आल्यावर, तेथून दक्षिण अमेरिकेत गेलेल्या लोकांना ब्राझीलमध्ये अकीकाचे साठे सापडले, १८३४ पासून तो माल जर्मनीत येऊ लागला, आणि खंबातला एक मोठा प्रतिस्पर्धी निर्माण झाला.

वालुकाश्म आणि कुरुंद या दोघांनाही मागे टाकणारा पदार्थ मात्र चुकून हाती आला. अमेरिकेतील एडवर्ड ॲचेसन हा १८९१ मध्ये पेन्सिल्व्हेनियात कृत्रिम हिरा बनवण्याच्या खटपटीत होता. लोखंडी भांड्यात माती व कोक यांचे मिश्रण घालून त्यातून प्रबळ विद्युतप्रवाह सोडल्यावर त्याला कार्बनच्या कांडीला चिकटलेले काही चमकदार स्फटिक दिसले, जे काच सहज ओरखडत होते. हे कार्बन आणि कॉरंडम यांचे संयुग असावे अशा समजुतीने त्याने त्याला कार्बोरंडम असे नाव दिले. समजूत चुकीची होती, कारण तो पदार्थ सिलिकॉन कार्बाइड होता आणि त्यात कुरुंदाचा अंशही नव्हता, परंतु १८९३ च्या पेटंटाने नाव पक्के झाले, आणि सुरुवातीस तो रत्नकारांनाच हिऱ्याच्या भुकटीला पर्याय म्हणून विकला गेला. नायगारा धबधब्याची वीज मिळाल्यावर त्याचे उत्पादन टनांवर गेले. अशा रीतीने तमिळ कुरुंदम् हा शब्द त्याच्या दगडाला मागे ठेवून अमेरिकन कारखान्याच्या पाटीवर जाऊन बसला, आणि १९५४ मध्ये मद्रासच्या मुरुगप्पा घराण्याने अमेरिकन व ब्रिटिश कंपन्यांच्या भागीदारीत कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी काढली, तेव्हा तो माहेरी परतला, अर्थात ओळखू न येण्याइतका बदलून.

स्वस्त, एकसारखी भाजलेली चाके आणि लहान विजेची मोटर या दोन वस्तू सहज मिळू लागल्यावर हे काम पुन्हा घरात शिरले. १९३० च्या दशकात अमेरिकेत हौशी खडेकामाची पुस्तके निघू लागली, १९४७ मध्ये लॅपिडरी जर्नल हे नियतकालिक सुरू झाले, आणि युद्धानंतरच्या काळात पश्चिम किनाऱ्यावरील लहान कारखान्यांनी घरगुती यंत्रे मोठ्या संख्येने घडवली. १९५५ मध्ये जनरल इलेक्ट्रिक कंपनीने कृत्रिम हिऱ्याची घोषणा केल्यावर कालांतराने हिऱ्याची भुकटी बसवलेली धातूची व रेझिनची चाकेही हौशी माणसाच्या आवाक्यात आली. त्या पिढीची यंत्रे आता वारसांच्या हाती पडून सेकंडहँड म्हणून बाजारात येतात. ओतीव लोखंडाची त्यांची बैठक सहसा मोडत नाही, त्यामुळे ती घेण्यात तोटा नसतो, मात्र ती घरी उभी करताना वर सांगितलेला सगळा इतिहास एकेक करून आडवा येतो.

पहिला प्रश्न चाकाचा. भट्टीत भाजलेले सिलिकॉन कार्बाइडचे जुने चाक शाफ्टवरून काढून, कोरडे करून, मधल्या भोकातून बोटावर अधांतरी धरतात आणि पेचकसाच्या लाकडी मुठीने हलके ठोकतात; घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर चाक अखंड, आणि मडके फुटल्यासारखा बद्द आवाज आला तर आत तडा आहे असे समजून ते टाकून देतात. हे चाक सच्छिद्र असल्याने पाणी पिते. यंत्र बंद करून कुंडात पाणी तसेच ठेवले, तर चाकाचा खालचा भाग रात्रभर पाणी पिऊन जड होतो आणि सकाळी मोटर सुरू करताच ते हेलकावत फिरते, क्वचित फुटतेही. म्हणून काम संपल्यावर आधी पाणी बंद करून चाक काही मिनिटे कोरडे फिरवण्याचा रिवाज आहे. लाखेच्या चाकाला हा धोका नव्हता.

दुसरा प्रश्न वेगाचा. अमेरिकन घरगुती वीज ११० ते १२० व्होल्ट व ६० हर्ट्झची, तर भारतीय वीज २३० व्होल्ट व ५० हर्ट्झची असते. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट उतरवता येतात, पण हर्ट्झ बदलत नाहीत, आणि तेथे मिनिटाला १७२५ फेरे घेणारी मोटर येथे सुमारे १४४० फेरेच घेते व शिवाय तापते. शहाणपणाचा मार्ग असा, की मूळ मोटर काढून देशी मोटर बसवावी आणि तिच्यावरची पुली सुमारे वीस टक्के मोठ्या व्यासाची घ्यावी, म्हणजे शाफ्टचा वेग पूर्ववत होतो. मात्र चाकावर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा कधीही ओलांडू नये. पाणी आणि वीज येथे हातभर अंतरावर नांदत असल्याने अर्थिंग आणि गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच यांत काटकसर करून चालत नाही.

बदललेल्या मोटरीबरोबर फिरण्याची दिशाही तपासावी लागते. दोन्ही टोकांना चाके असलेल्या शाफ्टच्या एका टोकाला सरळ आटे आणि दुसऱ्या टोकाला उलटे आटे असतात, जेणेकरून ठरलेल्या दिशेने फिरताना दोन्ही नट आवळलेलेच राहतात. मोटरच्या तारांची अदलाबदल होऊन शाफ्ट उलटा फिरला, तर दोन्ही नट एकदम सुटू लागतात आणि कमानीच्या काळात लाखेने सोडवलेली अडचण पुन्हा उभी राहते. म्हणून मोटर पहिल्यांदा चाके न चढवताच फिरवून पाहावी. शाफ्टला हाताने हलवले असता बेअरिंगमध्ये खेळ जाणवतो का, हेही त्याच वेळी कळते.

पुढचे काम क्रमाचे आहे. १०० किंवा २२० क्रमांकाच्या जाड कणांपासून ६००, १२०० व ३००० अशा बारीक कणांकडे जाताना प्रत्येक चाकाने आधीच्या चाकाचे ओरखडे पुसावयाचे असतात, आणि शेवटी चामड्यावर किंवा नमद्यावर सेरियम ऑक्साइडचा लेप घेऊन चकाकी आणावयाची असते. १०० क्रमांकाचा एकच कण नखात किंवा बाहीत राहून शेवटच्या चामड्यावर उतरला, तर तासाभराची मेहनत एका रेघेने वाया जाते.

पाणी हे केवळ खडा थंड ठेवण्यासाठी नसून अकीकाची धूळ हवेत उडू नये यासाठी असते, कारण ती सिलिका श्वासाबरोबर फुप्फुसात साचून सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग होतो, आणि खंबातच्या घराघरांत कोरडे घासकाम करणाऱ्यांना तो मोठ्या प्रमाणावर जडलेला आहे. कुंडात जमणारा गाळ मोरीत ओतल्यास नळात सिमेंटसारखा बसतो. तो बादलीत निवळू देऊन, वरचे पाणी काढून, ओला असतानाच पिशवीत बांधून टाकावा लागतो. खंबातमध्ये मणी विंधताना पडणारी अशीच भुकटी चाळून त्या कातडी पिशवीत मण्यांबरोबर परत घातली जाई. घरगुती यंत्राच्या बादलीत मात्र १०० पासून ३००० पर्यंतचे सगळे कण एकत्र उतरलेले असतात, आणि त्यांचा कशालाही उपयोग होत नाही.