माळावर वसलेलं गाव

विट्याच्या दक्षिणेला, पलूसजवळची किर्लोस्करवाडी तुम्हाला ठाऊकच आहे. ती वसवली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी. त्यांचा जन्म १८६९चा. बेळगावात ते लोखंडी नांगर बनवत. पण लोखंडानं जमीन नासते, म्हणून शेतकरी घेईनात. त्यातच कारखान्याची जागा सोडावी लागली. तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ दिला. सगळा निवडुंग आणि साप! १९१०मध्ये कामगार बायकापोरांसह तिथं आले. चुली पेटल्या, तेव्हा कुठं गाव नांदतं झालं. त्याच माळावरून १९३०मध्ये ‘स्त्री’ मासिक निघालं.

आपल्या वस्तीत पहिली चूल कुणी पेटवली? घरातल्या आजीला विचारा आणि ते नाव गटाच्या वहीत लिहून ठेवा.