हिंगोलीच्या ओढ्यातल्या कबरी

आपली सोसायटी आणि आपला हिंगोली जिल्हा जवळपास एकाच वयाचे. 1 मे 1999 ला परभणीतून जिल्हा वेगळा निघाला. जिल्हा नवा, पण जमीन जुनीच. घर बांधताना आपण पाणी बघतो, रस्ता बघतो; आधी त्या जागेवर काय होतं हे सहसा कुणी विचारत नाही.

कळमनुरीत कबर म्हटलं की नुरी बाबांचा दर्गा डोळ्यांसमोर येतो. तिथं माणसांची ये-जा आहे, म्हणून ती जागा कुणाला शोधावी लागत नाही. मला लिहायचंय ते ज्यांच्याकडे कुणी जात नाही त्यांच्याबद्दल.

इथून वीसेक किलोमीटरवर हिंगोली. तिथं निजामाच्या, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेची छावणी होती. 1903 ला ती फौज हिंदुस्थानी लष्करात मिसळली आणि छावणी उठली. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही मोहल्ल्यांची नावं तेवढी मागं राहिली. छावणी म्हटली की गोऱ्यांची थडगीही आलीच. निजाम राज्यातल्या अशा थडग्यांवरचे लेख क्रॉफ्टन नावाच्या अधिकाऱ्यानं गोळा केले आणि 1941 साली त्यांची यादी छापली. म्हणजे साहेब लोकांची नावं कागदावर तरी उरली.

पण याच छावणीला लागून दुसऱ्याही कबरी होत्या. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या फौजेतला अधिकारी, काही काळ हिंगोलीत नेमणुकीस होता. 1839 साली आलेल्या त्याच्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' या कादंबरीच्या प्रस्तावनेत त्यानं डोळ्यांनी पाहिलेली हकीकत दिली आहे. हिंगोलीत हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. त्यानं मुंबईहून कापड आणायचा परवाना मागितला, तो मिळालाही. खरं तर ते कापड दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचं, आणि तो ते घेऊन वाटेत होता. हरीसिंगनं त्याला, त्याच्या नोकरांना, गुरं हाकणाऱ्यांनाही मारलं आणि त्याच परवान्यावर माल आणून छावणीत उघड विकला! पकडल्यावर त्यानं स्वतःच कबूल केलं म्हणून कळलं, नाहीतर कुणाला पत्ताही लागला नसता.

ठग रुमालानं गळा आवळायचे, रक्त सांडायचं नाही. मग प्रेतं पुरून जमीन सारखी करायची, की झालं. छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत माणसं मारली गेली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली गेली. जागा कोणती, तर नदीला मिळणारा एक कोरडा ओढा, चरापेक्षा रुंद नाही, शेजारच्या गावाला जाणाऱ्या रस्त्यालगत. माफीचे साक्षीदार थंडपणे एकेक जागा दाखवत होते. एकेका खड्ड्यात कित्येक प्रेतं. टेलर समोर उभा होता. शेवटी किळस येऊन त्यांनी खोदणं थांबवलं.

खोदणं थांबलं, म्हणजे पुढचे जे कुणी असतील ते तिथंच राहिले. आणि घरी वाट बघणाऱ्यांना काय कळलं असेल? बाजाराला गेलेला माणूस आला नाही, एवढंच. प्रस्तावनेत हरीसिंगचं नाव आहे; मेलेल्या व्यापाऱ्याचं नाही.

आता आपल्या शिवाराकडे या. लिंगायत, गोसावी आणि आणखी काही समाजांत दफन करतात. लहान लेकरू गेलं तर इतर घरांतूनही पुरतात. बांधाच्या कडेला दोन दगड, एखादं झाड, एवढीच खूण. सातबाऱ्यावर त्याची नोंद सापडायची नाही. शेत एन.ए. झालं, प्लॉट पडले की जेसीबीपुढं हे दगड पहिल्यांदा जातात, आणि चालवणाऱ्याला ते नुसते दगडच वाटतात. त्याचा दोष नाही, त्याला सांगायलाच कुणी नसतं.

म्हणून स्मरणिकेच्या निमित्तानं कार्यालयात एक वही ठेवली आहे. घरातल्या आजी-आजोबांना विचारा आणि गाव, गट नंबर, कुणाची जागा एवढं त्यात लिहा. नाव आठवत नसेल तर नुसती खूण लिहिली तरी चालेल: लिंबाखाली, विहिरीच्या वरच्या अंगाला.