दीडशे डॉलरचा भोवरा

मी सारी नोकरी नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात काढली. त्यामुळे पैशाला मी भुलत नाही, असा माझा समज आहे. (पैसाच कधी मला भुलला नाही, असा आमच्या हिचा समज आहे.) दिवसभर लाखांच्या गड्ड्या डोळ्यांदेखत जायच्या आणि संध्याकाळी मी गंगेवरच्या भाजीबाजारात भेंडीसाठी चार आण्यांची हुज्जत घालायचो. तेव्हा वस्तूची खरी किंमत कोणती, हा प्रश्न मला नाही पडायचा तर कुणाला?

तो या उन्हाळ्यात पडला. चिरंजीव सहकुटुंब अमेरिकेहून आले होते. तेरा वर्षांच्या नातवाने मखमलीच्या डबीतून काहीतरी चकचकीत काढलं. मला वाटलं, घड्याळ.

"यो-यो आहे, आजोबा."

"केवढ्याला?"

"वन फिफ्टी."

"दीडशे रुपये! फसवलं तुला."

"डॉलर्स, आजोबा."

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं. हिचं गणित कच्चं असलं तरी डॉलरचे रुपये करताना कधी चुकत नाही. "बारा-तेरा हजार! अहो, येवल्याला गेलं असतं तर पैठणी आली असती!"

आता नातवाला रागवायचं तर अभ्यास करून रागवावं, म्हणून मी दुसऱ्या दिवशी सार्वजनिक वाचनालयाची पायरी चढलो. १८४० साली स्थापन झालेलं वाचनालय आहे. तिथे बसून घेतलेल्या रागालाही एक वजन असतं.

पण इतिहास पहिल्याच पानापासून नातवाच्या बाजूने उभा राहिला. बर्लिनच्या संग्रहालयात ग्रीकांचा एक प्याला आहे, सुमारे २,४०० वर्षांपूर्वीचा. त्यावर एक पोरगा दोरीला चकती लावून खुशाल खेळतो आहे. आपल्याकडे तुलसीदासांच्या 'गीतावली'त बालराम अयोध्येच्या गल्ल्यांतून गोट्या, भोवरा आणि चकडोरी खेळतात. सूरदासांचा कृष्ण तर भोवरा-चकडोरीसाठी यशोदेकडे हट्टच धरून बसतो. चकडोरी म्हणजे दुसरं काय? दोरीची चकती! प्रभू पुढे आमच्या पंचवटीत आले तेव्हा खेळायचं वय सरलं होतं, नाहीतर नाशिकला या विषयातही मान मिळाला असता. इंग्लंडात अठराव्या शतकाच्या शेवटी हेच खेळणं 'बँडलोर' म्हणून गाजलं. फ्रान्समध्ये १७८९ ची क्रांती झाली, सरदारमंडळी देश सोडून पळू लागली आणि याच चकतीला लोक 'एमिग्रेत' म्हणू लागले, म्हणजे देश सोडून गेलेल्यांचं खेळणं. हे नाव वाचून मी चष्मा पुसला. कारण नसताना.

यो-यो हे नाव फिलिपिन्सकडचं. पेद्रो फ्लोरेस नावाचा तिकडचा माणूस अमेरिकेत गेला आणि १९२८ साली त्याने कॅलिफोर्नियात सांता बार्बरा इथे यो-योचा कारखाना काढला. (त्याच १९२८ साली आमच्या नाशिकरोडला नोटा छापायला सुरुवात झाली. एकाच वर्षी जगात दोन गोष्टी सुरू झाल्या, एक हातात परत येणारी आणि दुसरी न येणारी.) त्याच्या यो-योतली खुबी एवढीच की दोरी आसाला गाठ मारून बांधायची नाही, नुसती वेढायची. मग चकती खाली जाऊन तिथेच फिरत राहते. थोड्याच दिवसांत डंकन नावाच्या व्यापाऱ्याने फ्लोरेसचा धंदा विकत घेतला आणि 'यो-यो' या शब्दावरही मालकी सांगितली. ती १९६५ साली न्यायालयात बुडाली. शब्द सगळ्यांचा, असं ठरलं. या शब्दाचा मूळ अर्थ 'परत ये' असा सांगतात. म्हणजे आपल्या 'ये, ये'चा सख्खा मावसभाऊच!

इतिहासाने दगा दिला तेव्हा मी यंत्रशास्त्राकडे वळलो. शेजारच्या गृहस्थांचा सातपूरला लेथ आहे. त्यांनी तो यो-यो सराफासारखा निरखला. म्हणाले, "काम नंबरी आहे, काका. दोन्ही पाकळ्या अगदी सारख्या तोललेल्या, वजन सगळं कडेला ढकललेलं, मधे बॉल बेअरिंग. जरा इकडेतिकडे झालं असतं तर थरथरला असता."

"मग दीडशे डॉलर बरोबर?"

"माल आणि मजुरी मिळून काही हजार मी समजू शकतो. टायटॅनियमचा असता तर आणखी. तो धातू कापताना हत्यारं खातो. बाकीचे पैसे नावाचे. थोडेच नग काढायचे आणि संपले म्हणायचं."

नावाचे पैसे कुठवर जातात, तेही मी वाचून आलो होतो. १९७४ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन नॅशव्हिलला गेले आणि रॉय अकफ या गायकाबरोबर रंगमंचावर यो-यो फिरवू लागले. धड जमला नाही. सही करून तो अकफना दिला. अकफ यांच्या पश्चात तो सोळा हजार डॉलरवर विकला गेला. निक्सन त्याच ऑगस्टात खुर्चीवरून खाली गेले ते मात्र परत वर आले नाहीत.

एवढी तयारी करून मी निकाल सांगायला बसलो. पुरावा म्हणून मेन रोडवरून चाळीस रुपयांचा प्लॅस्टिकचा यो-यो आणला होता. मी तो सोडला, तो गेला आणि आला. "बघ! चाळीस रुपयांत परत येतो. तुझा?"

नातवाने त्याचा सोडला. तो सरळ खाली गेला आणि फिरत राहिला. पाच सेकंद झाले, दहा झाले, मिनिट होत आलं. मी त्याच्या हातून दोरी घेऊन झटका दिला. ढिम्म! दुसरा दिला. तिथेच शांतपणे फिरतो आहे.

"बिघडला," मी म्हटलं.

"नाही आजोबा. चांगला यो-यो ओढून येत नाही. दोरी थोडी सैल सोडायची, तिचा लूप करून मधल्या फटीत द्यायचा. मग तो स्वतःच पकडतो आणि येतो." त्याने माझं बोट धरून तसं केलं, आणि ती बारा हजारांची चकती टप्पकन तळहातावर येऊन बसली.

झोपाळ्यावर चिरंजीव वर्तमानपत्र वाचत होते. म्हणजे धरून बसले होते. चांगल्या शाळेत घातला, चांगलं कॉलेज, खर्चाकडे बघितलं नाही. अठरा वर्षं झाली, तिकडे उत्तम चाललं आहे. आणि अठरा वर्षं दर रविवारी फोनवर मी एकच झटका देतो आहे, "परत कधी येणार?"

मंडळी गेली. पुढच्या रविवारी फोन आला. मी हवापाणी विचारलं, नातवाची नवी युक्ती विचारली आणि "बरं, ठेवतो" म्हणालो. तिकडे जरा वेळ काही आवाज नाही.

"बाबा, तब्येत बरी आहे ना?"

"उत्तम."

"काही विचारायचं राहिलं का?"

"नाही रे."

पुन्हा शांतता. मग म्हणाला, "दिवाळीत रजा मिळते का बघतो."

हिने आत डोळे पुसले आणि बाहेर येऊन विचारलं, "त्या भोवऱ्याचं काय ठरलं शेवटी? महाग की स्वस्त?"

म्हटलं, दिवाळीला कळेल.