कर्जरोखा ते चेकआउट : कर्जदाराची प्रत कुठे जाते?

मागच्या काही लेखांत आपण कर्जाच्या कागदांबद्दल बोलत होतो. आज त्याच धाग्याचं दुसरं टोक धरू, आणि ते तुमच्या मोबाइलमध्ये आहे. ऑनलाइन दुकानात वस्तू निवडल्यावर पैसे भरायच्या पानावर ‘हप्त्यांनी घ्या’ असा एक चौकोन दिसतो ना? तो दुकानाचा नसतो. दुकानाच्या पानात वित्तसंस्थेने बसवलेली ती छोटी खिडकी असते आणि ती जावास्क्रिप्टवर चालते. हे काम प्रोग्रामरचं आहे, त्यात इतिहास कुठून आला? तेच आज सांगायचं आहे.

डिंभ्याच्या डोंगरातला सौदा

घोड नदीवरचं डिंभे धरण तुम्ही पाहिलं असेल किंवा निदान ऐकलं तरी असेल. जलाशयाचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. त्याच्या वरच्या अंगाची गावं मुख्यतः महादेव कोळी समाजाची. भात, नाचणी, वरई आणि जंगलातला हिरडा यांवर चालणारी. या भागाची अडचण जुनीच आहे. पावसाळ्यात, म्हणजे ऐन लावणीच्या दिवसांत, घरातलं धान्य संपतं आणि पीक यायला अजून अवकाश असतो. मग खायला जे उसनं घ्यायचं त्याला खावटी म्हणतात. पुढे सरकारने आदिवासींसाठी जी कर्जयोजना काढली, तिलाही नाव हेच दिलं.

जुन्या सौद्यात धान्य, मीठ, कापड देणारा, त्यावर व्याज लावणारा आणि पीक आल्यावर ते विकत घेणारा बहुतेक वेळा एकच माणूस असे. भाव त्याचा, माप त्याचं, वहीसुद्धा त्याचीच. कर्जदाराकडे काय? आठवण.

या आठवणीचा राग कुठवर गेला ते डिंभ्याजवळच्या जांभोरीत दिसतं. तिथल्या होनाजी भागोजी केंगले यांनी 1870च्या दशकात टोळी उभारून पुणे, नगर, ठाणे या जिल्ह्यांच्या डोंगरपट्ट्यात सावकारांवर हल्ले केले. 1876 मध्ये ते इंग्रजांच्या हाती लागले. मधल्या काळात, 12 मे 1875 रोजी, भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांना घेरलं. तोच प्रकार पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत झाला. आपण याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतो. पण लोकांना हवे होते ते कागद. कर्जरोखे आणि हुकूमनामे मिळाले की ते जाळून टाकत, आणि बहुतेक ठिकाणी मारहाण झाली ती कागद द्यायला नकार मिळाला तेव्हा.

कागदच का जाळले?

कारण कागद एकाच बाजूचा होता. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याला तीन वर्षांची मुदत ठरली. हेतू चांगला होता, व्याज साचत जाऊ नये. झालं उलटंच. तीन वर्षं संपत आली की सावकार नवा रोखा करून घ्यायचा, थकलेलं व्याज मुद्दलात घालायचा आणि त्यावर पुन्हा व्याज सुरू. अंगठा उठवणाऱ्याला वरचा मजकूर वाचता येत नसे. कोर्टात मात्र अंगठा म्हणजे कबुली.

दंग्यांची चौकशी झाली आणि 1879 मध्ये ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’ आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांसाठी. त्यातल्या तीन तरतुदी लक्षात ठेवा, पुढे लागतील. एक, शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर व्हायला हवा. दोन, कोर्टाने नुसता रोखा पाहून निकाल द्यायचा नाही, मूळ व्यवहारापासून हिशेब काढून मुद्दल आणि व्याज वेगळं करायचं. तीन, कर्जदाराला भरलेल्या पैशांची पावती, वर्षाचा हिशेब आणि मागितल्यास खातेपुस्तक मिळायला हवं.

कायद्याने कर्ज थांबवलं नाही. त्याने कर्जदाराला *प्रत* दिली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली हीच खरी नवी गोष्ट.

एकाचे तीन झाले

नंतर काय बदललं? विकणारा आणि कर्ज देणारा हळूहळू वेगळे झाले. सिंगर कंपनीने 1850च्या दशकात अमेरिकेत शिलाई मशीन हप्त्यांवर द्यायला सुरुवात केली, पण तिथे हप्ता कंपनीच घेई. पुढे हप्त्याचा धंदा करणाऱ्या स्वतंत्र संस्था आल्या. आपल्या पुण्यातलं उदाहरण बजाजचं. 1987 मध्ये बजाज ऑटो फायनान्स सुरू झाली, सुरुवातीला मुख्यतः दुचाकी-तीनचाकीसाठी. तीच आजची बजाज फायनान्स.

आता सौदा तिघांचा झाला. दुकानदाराला पैसे लगेच मिळतात, संस्थेला हप्ते मिळतात, तुम्हाला वस्तू मिळते. हाच त्रिकोण ऑनलाइन पानावर कसा बसवतात ते पाहू.

बटणामागे काय घडतं

तुम्ही हप्त्यांचा पर्याय निवडलात की साधारण असं होतं. दुकानाचा सर्व्हर वित्तसंस्थेच्या सर्व्हरला कळवतो : अमुक ऑर्डर, एवढी रक्कम. तिथून एक खूणक्रमांक येतो. तुमच्या ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट तो क्रमांक घेऊन संस्थेची खिडकी उघडते. तुम्ही मोबाइल नंबर देता, ओटीपी टाकता, हप्ते निवडता. मंजुरी झाली की खिडकी बंद होते आणि जावास्क्रिप्ट दुकानाला सांगते, ‘झालं.’

इथे जाणता प्रोग्रामर थांबतो. ब्राउझर ग्राहकाच्या हातात आहे. त्यातली रक्कम बदलता येते, ‘झालं’ हा निरोपही खोटा पाठवता येतो. म्हणून नियम दोन. रक्कम कायम दुकानाच्या सर्व्हरवर ठरवायची. आणि माल पाठवायचा तो संस्थेच्या सर्व्हरने थेट धाडलेला निरोप तपासल्यावरच. या निरोपाला वेबहुक म्हणतात. फक्त या दोघांनाच ठाऊक असलेली एक गुप्त किल्ली असते. तिच्यावरून काढलेली सही निरोपासोबत येते, आणि ती जुळली तरच निरोप खरा. तोच निरोप दोनदा आला तर ऑर्डर दोनदा होऊ नये, याचीही सोय करावी लागते.

व्यवस्था उत्तम आहे. पण नीट बघा, ही सही कोणाला कोणापासून वाचवते? दुकानाला खोट्या ग्राहकापासून, संस्थेला खोट्या दुकानापासून. तिसऱ्या कोपऱ्यातल्या माणसासाठी, म्हणजे तुमच्यासाठी, या तंत्रात आपोआप काहीच नाही. तुमचा ओटीपी हा आजचा अंगठा. तुमची प्रत कोणी मुद्दाम लिहून घातली तरच असते.

‘बिनव्याजी’ म्हणजे किती?

एक हिशेब करू. 18,000 रुपयांचा फोन, 3,000 चे सहा हप्ते, ‘नो कॉस्ट’. समजा संस्थेचा दर महिन्याला सव्वा टक्का आहे. मग या सहा हप्त्यांची आजची किंमत होते सुमारे 17,238 रुपये. म्हणजे कर्ज 17,238 चं आणि व्याज 762 चं. हे 762 दुकान किंवा कंपनी ‘सूट’ म्हणून सोसते. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागला तर आणखी सुमारे 137 रुपये, आणि ते सहसा ग्राहकाकडूनच जातात. प्रक्रिया शुल्क वेगळं. रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वातच नाही. व्याज असतं, फक्त ते दुसऱ्या खात्यात लिहिलेलं असतं.

1879 पुन्हा

सप्टेंबर 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जाचे नियम काढले. करार होण्याआधी कर्जदाराला मुख्य तथ्य विवरण द्यायचं, त्यात सगळा खर्च धरून वर्षाचा दर सांगायचा, कागदांची प्रत त्याच्याकडे पोचवायची, आणि ठराविक दिवसांत दंडाशिवाय कर्ज परत करून बाहेर पडायची मुभा ठेवायची. पावती, हिशेब, खातेपुस्तक आठवलं का? मध्ये 143 वर्षं गेली आहेत.

हे नियम कागदावरच राहिले नाहीत. 15 नोव्हेंबर 2023 रोजी रिझर्व्ह बँकेने बजाज फायनान्सला ‘ईकॉम’ आणि ‘इन्स्टा ईएमआय कार्ड’ या दोन प्रकारांतली नवी कर्जं थांबवायला सांगितली. मुख्य कारण : या कर्जदारांना ते विवरण दिलं जात नव्हतं. कंपनीने दुरुस्त्या केल्यावर 2 मे 2024 रोजी बंदी उठली. जवळपास साडेपाच महिने एवढ्या मोठ्या संस्थेचा हा धंदा थांबला, तो कर्जदाराच्या प्रतीवरून. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या परिपत्रकाने आणखी एक पाऊल टाकलं : हे विवरण कर्जदाराला समजेल त्या भाषेत हवं. घोडेगावच्या बाजारात किंवा डिंभ्याच्या एसटी थांब्यावर मोबाइलवरून कर्ज घेणाऱ्यासाठी ती भाषा मराठी आहे.

तर मंडळी, दोन कामं. तुम्ही ग्राहक असाल तर ओटीपी टाकण्याआधी ते विवरण उघडा, वर्षाचा दर बघा आणि प्रत जपून ठेवा. मराठीत नसेल तर मराठीत मागा. आणि तुम्ही दुकानाचं पान बांधणारे प्रोग्रामर असाल तर सही तपासण्याइतकीच काळजी याचीही घ्या की विवरणाचा दुवा तुमच्या खिडकीत दडून जात नाहीये. होनाजींच्या काळात वही सावकाराच्या पेटीत असे. आज ती सर्व्हरवर आहे. ती कर्जदाराला दिसते की नाही, हे बऱ्याच अंशी तुम्ही लिहिलेल्या चार ओळींवर ठरतं.

पुढच्या लेखात 1879 च्या कायद्यातले गावचे निबंधक, म्हणजे नेमकं कोण आणि काय करायचे, ते पाहू. तुमच्या घरात जुनी खातेपुस्तकं किंवा रोखे असतील तर टाकून देऊ नका. तो इतिहास आहे, आणि बहुतेक वेळा त्याची दुसरी प्रत कुठेच नसते.